चाल

भवानीपूरच्या त्या घरात मी राहायला गेले तेव्हा आषाढ होता. बँकेने कोलकात्याला बदली केली, आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आठवडाभर राहून, विचारपूस करत करत ती वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. हिरव्या झडपांच्या खिडक्या, लाल कोब्याची थंडगार जमीन, आणि खाली घरमालकीण माशीमा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भिजत घरी आले, तर माशीमा जिन्याच्या पायथ्याशी बोटी मांडून पटोल चिरत बसल्या होत्या. बोटी म्हणजे आपली विळीच, फक्त पातं जास्त उभं. चिरता चिरता त्या गुणगुणत होत्या आणि ती चाल ऐकून माझा पाय पायरीवरच थांबला. 'ओ सजना, बरखा बहार आयी'. 'परख' चित्रपटातलं. बाहेर पाऊस, आत ते गाणं. परक्या गावात आपलं माणूस भेटावं तसं झालं.

मी म्हटलं, "माशीमा, हिंदी गाणं बांगलात किती छान म्हणता हो तुम्ही!"

त्यांचा हात थांबला. "हिंदी? एटा तो आमादेर पुजोर गान." हे तर आमचं पुजेचं गाणं.

मग ओले हात पदराला पुसत त्या आत गेल्या आणि एक पत्र्याची पेटी उघडून बसल्या. डांबरगोळ्यांच्या वासातून पातळ पातळ पुस्तिका निघाल्या. 'शारद अर्घ्य'. दुर्गापूजेच्या तोंडावर एचएमव्हीच्या नव्या बंगाली रेकॉर्ड निघायच्या, त्यांच्याबरोबर निघणारी ही पुस्तिका. पानावर गायकाचा फोटो, खाली गाण्याचे शब्द, गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव. कागद पिवळा पडलेला, काही ओळींखाली शाईने रेघा मारलेल्या, एका कोपऱ्यात हळदीचं बोट. पूजा आली की नवी साडी, नवा दिवाळी अंकासारखा पूजा अंक आणि नवी गाणी. माशीमांच्या लहानपणी पूजा म्हणजे हे तिन्ही.

१९५९ साली लताबाईंनी सलील चौधरींचं 'ना जेओ ना' बंगालीत गायलं. शब्दही सलीलदांचेच. 'परख' आला १९६० मध्ये. म्हणजे माझं 'ओ सजना' हे दुसरं. पहिलं हे.

खरं सांगते, त्या रात्री मला वाईट वाटलं. घरातल्या माणसाचं आधी एक लग्न झालं होतं हे फार उशिरा कळावं, तसं. रेडिओवर ते गाणं लागलं की आमच्या घरात स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबत. ते सर्वस्वी आपलं आहे, ह्या समजुतीवर माझं निम्मं बालपण उभं होतं.

दुसऱ्या दिवशी माशीमांनी मला शब्द समजावून दिले, आणि मग मात्र वाईट वाटणं मागे पडून मी चक्रावले. कारण त्या बंगाली गाण्यात पाऊसच नाही. तिथे रात्र आहे. जाऊ नको, अजून रात्र उरली आहे, जागं राहिलेलं एक पाखरू तसं सांगतं आहे, अशी विनवणी. मी तर जन्मभर समजत होते की पाऊस त्या सुरांतच आहे. लताबाईंचा आवाज वर चढतो तिथे वळचणीचं पाणी आहे, सतारीत थेंब आहेत. तो पाऊस हिंदी शब्द लिहिणाऱ्या शैलेंद्रांनी आणला होता. सलीलदांनी रात्र दिली, शैलेंद्रांनी त्याच सुरांवर ढग आणले. एक पाखरू मात्र दोन्हीकडे राहिलं. बंगालीत रात्र जागवणारं, हिंदीत पपीहा.

मग मला नादच लागला. रविवारी मी फ्री स्कूल स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत जाऊ लागले. आता त्या रस्त्याला मिर्झा गालिब स्ट्रीट म्हणतात, पण दुकानदार जुनंच नाव सांगतात. धुळीने हात काळे होत. दुकानदार रेकॉर्ड कापडाने पुसून सुई ठेवी, आधी खरखर, मग हेमंत मुखर्जींचा तो खोल आवाज. 'आमाय प्रश्न करे नील ध्रुवतारा'. दुसऱ्याच ओळीला मला कळलं: हे 'आनंद'मधलं 'कहीं दूर जब दिन ढल जाए'. हिंदीत योगेश यांनी मावळता दिवस लिहिला, मुकेशने तो गायला. बंगालीत मात्र संध्याकाळ केव्हाच सरलेली आहे. दिशा हरवलेल्या वाटसरूला ध्रुवतारा प्रश्न विचारतो आहे. ऐकताना असं वाटलं की हिंदी गाणं संपतं तिथून हे सुरू होतं. मधे काही तास गेलेत, एवढंच.

'आनंद'मधलं 'ना जिया लागे ना' हेही आधी बंगालीत, लताबाईंच्याच आवाजात. 'अनामिका'मधलं 'मेरी भीगी भीगी सी' हे राहुलदेव बर्मन यांचं 'मने पडे रूबी राय', सचिन भौमिक यांच्या शब्दांतलं. 'आँधी'मधलं 'तेरे बिना ज़िंदगी से' हेही राहुलदेवांचं पुजेचं गाणं, जाता जाता वाटेत उशीर झाला असं सांगणारं. 'काला पानी'तलं 'हम बेखुदी में', 'प्रेम पुजारी'तलं 'फूलों के रंग से', दोन्हींच्या मागे सचिनदेव बर्मन यांची स्वतःची बंगाली गाणी. घरी परतताना मी वहीत नोंदी करी आणि माशीमांना वाचून दाखवी. बहुतेक त्यांना ठाऊकच असत. त्यांना नवल वाटे ते मला ठाऊक नसल्याचं.

ह्यातली एक हकिगत मला फार प्रिय आहे. १९५९ च्या 'दीप ज्वेले जाइ' ह्या बंगाली चित्रपटात सुचित्रा सेन मनोरुग्णांच्या इस्पितळातली परिचारिका आहे. त्यात हेमंतदांनी गायलेलं 'एइ रात तोमार आमार' आहे, अगदी दबक्या आवाजातलं, दोघांच्या रात्रीचं. १९६४ मध्ये 'कोहरा'साठी त्यांनी तीच चाल घेतली आणि 'ये नयन डरे डरे' झालं. पुढे दिग्दर्शक असित सेन यांनी आपलाच बंगाली चित्रपट हिंदीत 'खामोशी' म्हणून केला, १९६९ मध्ये. संगीत हेमंतदांचंच. पण त्या जागेवरची चाल तर आधीच 'कोहरा'त खर्च झालेली! मग त्याच जागेसाठी हेमंतदांनी नवं गाणं केलं: 'तुम पुकार लो'. पहिलं गाणं दुसरीकडे गेलं, म्हणून हे तिसरं जन्माला आलं. नाहीतर 'तुम पुकार लो' आपल्याला कुठून मिळालं असतं?

ह्याला उसनवारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ही माणसं मुंबईत राहून हिंदी चित्रपट करत. तिथे प्रसंग दुसऱ्याचा, नायक दुसऱ्याचा, घाई निर्मात्याची. वर्षातून एकदा पुजेचं गाणं येई. त्याला प्रसंग नाही, पडदा नाही. रेकॉर्डच्या एका बाजूला मावतील एवढी तीनसाडेतीन मिनिटं, आणि आपल्या भाषेतले कान. मनातली चाल माणूस आधी तिथेच म्हणून बघणार. बंगालने त्या चाली आधी ऐकल्या, मग त्या साऱ्या देशाच्या झाल्या.

पण मूळ शोधत जावं तर कोलकात्यालाही पाय थांबत नाहीत. 'मधुमती'तलं 'दिल तडप तडप के' ही पोलंडची लोकधून. 'छाया'तलं 'इतना ना मुझ से तू प्यार बढ़ा' म्हणजे मोत्झार्टची चाळिसावी सिंफनी. सलीलदांचे वडील आसामच्या चहामळ्यांत डॉक्टर होते, घरात पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डचा साठा होता, आणि भोवती मळ्यातल्या मजुरांची गाणी. दोन्ही ऐकत ते मूल वाढलं. मी हे माशीमांना सांगितलं तेव्हा मनात थोडी धाकधूक होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या रवी ठाकुरांनीही केलंय. त्याला आम्ही भांगा गान म्हणतो."

भांगा गान. मोडलेलं गाणं. मला आजीच्या पाटल्या आठवल्या. त्या मोडून आईच्या बांगड्या झाल्या. घरात कोणी म्हटलं नाही की पाटल्या गेल्या. मोडून घडवल्या, असंच म्हणतात. रवींद्रनाथ सतराव्या वर्षी इंग्लंडला गेले, तिथे स्कॉटिश गाणी ऐकली आणि रॉबर्ट बर्न्सच्या 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर 'पुरानो सेइ दिनेर कथा' घडवलं. आज बंगाली माणसं एकत्र जमली की ते गातात आणि डोळे पुसतात. त्यांच्याच 'जदि तारे नाइ चिनि गो'वरून सचिनदांनी 'अभिमान'चं 'तेरे मेरे मिलन की ये रैना' घडवलं. आणि 'आमार सोनार बांगला', जे आज बांगलादेशाचं राष्ट्रगीत आहे, त्याची चाल शिलाइदहच्या गगन हरकरा यांच्या बाउल गाण्याची. हरकरा म्हणजे टपाल पोचवणारा. शिलाइदहच्या वाटांवर पत्रं वाहत चालणाऱ्या माणसाची चाल रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये उचलली.

चाल! इथे मी आपल्या मराठी शब्दापाशी येऊन थबकले. गाण्याच्या सुरावटीला आपण चाल म्हणतो. माणसाच्या चालण्यालाही चालच. लांबून चेहरा दिसत नाही, कपडे ओळखीचे नसतात, तरी चालण्यावरून आपण म्हणतो, अरे, हा तर आपला अमका. त्या जिन्यावर मी ती चाल तशीच ओळखली होती.

आणि चाल कुठून घेतली हे लपवायची तर आपल्याकडे रीतच नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ चं. त्या काळच्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचे दोनचार शब्द दिलेले असत. कधी लावणी, कधी कानडी पद, कधी कुठली हिंदुस्थानी चीज. अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, दोन भाषांच्या शिवेवर वाढलेले. त्यांना कानडी चाल परकी कशी वाटणार? ती एक बारीक अक्षरांतली ओळ मला फार मोठी वाटते. आम्ही कुणाच्या पावलांवर चाललो आहोत ते तिथे लिहिलेलं असे. पुढे रेकॉर्डच्या चकतीवर गायक आला, गीतकार आला, संगीतकार आला, चित्रपटाचं नाव आलं. 'चाल' तेवढी गळाली. ती राहायला हवी होती. ती राहिली असती तर मला 'ना जेओ ना' इतक्या उशिरा भेटलं नसतं.

गावोगावच्या भजनी मंडळांनी मात्र ती ओळ सोडली नाही. माझी आजी विट्याला भजनी मंडळात होती. तिची एक वही होती, दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. अभंग, गवळणी, आणि अधूनमधून तिची स्वतःची पदं. प्रत्येकावर न चुकता 'चाल' आणि पुढे गाणं, बहुतेक सिनेमाचं. तेव्हा त्या वहीकडे मी लक्ष दिलं नव्हतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा माळ्यावरची ट्रंक उतरवून ती काढली. पानं उलटत गेले. वहीच्या मध्यावर, निळ्या शाईत, आजीच्या सरळ, टोकदार अक्षरांत: 'चाल – ओ सजना'. खाली तिचं पद. आजी कधी बंगालात गेली नाही. सलील चौधरी हे नाव तिने ऐकलं असेल असं मला वाटत नाही. तिच्यासाठी ते फक्त पावसाचं गाणं होतं.

वही घेऊन मी कोलकात्याला परतले. कार्तिक होता, आकाश कोरडं. माशीमा जिन्याच्या पायथ्याशी तशाच चिरत बसल्या होत्या, ह्या वेळी फुलकोबी. मी पायरीवर बसून पद म्हणून दाखवलं. त्यांना मराठी येत नाही. चाल ऐकून त्या हसल्या, मान डोलवू लागल्या. पद संपल्यावर विचारलं, "काय आहे ह्यात? पाऊस?"

"नाही," मी म्हटलं. "वारी संपलीय. एक म्हातारी गाठोडं बांधून पंढरपुराहून निघालीय. आणि आमचा देव, विठोबा, देवळाच्या दारापर्यंत येऊन तिला सांगतोय, जाऊ नको."

माशीमांनी बोटी पायाने बाजूला सारली. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आबार गाओ."

मी पुन्हा गायले. आता त्याही हळू आवाजात गात होत्या, त्यांचे शब्द.