सहा-एकेचाळीस

घटांगच्या अलीकडच्या चढावर गाडीनं मान टाकली तेव्हा तिच्यात सिमेंटची 320 पोती होती. पन्नास किलोचं एक, म्हणजे सोळा टन. अकोल्याच्या मालधक्क्यावर भरलेली ही गाडी अकोट, अंजनगाव, परतवाडा अशी सपाटीवरून गुणगुणत आली. मेळघाट लागला तशी तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात येत एका वळणावर थांबलीच. पाण्याचा काटा लालात, केबिनमध्ये क्लच जळाल्याचा वास. ड्रायव्हर उडी मारून चाकामागं दगड लावायला धावला.

मागून आलेल्या एका दहाचाकीवाल्यानं टोचन लावून आम्हाला घटांगपर्यंत ओढत नेलं. त्याची गाडी रिकामी होती, हे खरं. पण ओढताना तिनं एकदाही कण्हल्यासारखं केलं नाही. वर चहा घेताना त्यानं विचारलं, "क्राऊन कोनता हाये तुमचा?"

मी इंजिनाची अश्वशक्ती सांगितली.

"इंजिन नाही इचारलं, भाऊ. क्राऊन."

मला माहीत नव्हतं. चार वर्षं गाडीच्या जिवावर पोट भरत होतो आणि तिच्या मागच्या हौसिंगमध्ये दाते किती, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. आमच्याकडे विचारायचं ते एकच: ॲव्हरेज किती देते?

ही भागीदारीतली गाडी विकली. दुसरी जुनीच घ्यायची होती आणि समोर दोन होत्या. एक 2515, टाटाच्या स्वतःच्या 697 इंजिनाची. दुसरी 2518, कमिन्सची. नंबरातले पहिले दोन आकडे टनांचे, पुढचे दोन दहाच्या हिशेबानं अश्वशक्तीचे. 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर. या इंजिनाचं काम कोणताही मिस्त्री डोळे मिटून करतो आणि सुटा भाग अकोटलाही मिळतो. कमिन्स 5.9 लिटरचं. ते बनवायला टाटा-कमिन्स ही कंपनी 1993 मध्ये स्थापन झाली, कारखाना जमशेदपूरला. याच घराण्यातलं इंजिन अमेरिकेत 1989 पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसू लागलं आणि तिकडचे लोक त्याच्यामागं घोड्यांचे ट्रेलर जोडून डोंगर चढतात. विकणाऱ्यानं हे मला अगदी रंगवून सांगितलं. गाडीचा क्राऊन कोणता, ते मात्र त्यालाही सांगता येईना.

अमरावतीचा आमचा मिस्त्री म्हणाला, "ताकद तर लागतेच. पण कमी आरपीएमवर कोनती गाडी दम धरते, ते पाहा." घाटात इंजिन चौदाशे-पंधराशेच्या खाली आलं तरी ओढत राहिलं पाहिजे, त्याला रेस देत बसलो तर डिझेल जातं, पाणी तापतं. शिवाय दोन्ही इंजिनं टर्बोची होती, ते बरंच. मेळघाटातलं चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1118 मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा जवळपास दहा टक्के विरळ होते. बिनटर्बोचं इंजिन तेवढंच उपाशी राहतं.

मग त्यानं कमिन्सच्या गाडीचं मागचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी न्यूट्रल केली आणि शाफ्टवर खडूनं रेघ मारली. चाक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. सहाला थोडं कमी भरलं तर सात-एकेचाळीस, सातला थोडं कमी भरलं तर सहा-एकेचाळीस. एकेचाळीस दाते क्राऊनचे, सहा किंवा सात पिनियनचे. आम्ही तिघांनी मोजलं, सहाला थोडं कमी.

म्हणजे सपाटीची गाडी. पिनियन सहा दात्यांचा केला की त्याच इंजिनाचं त्याच गिअरातलं ओढणं सहावा हिस्सा वाढतं आणि त्याच आरपीएमला वेग सातवा हिस्सा घटतो. फुकट काही मिळत नाही. अकोला-खंडवा मीटरगेजवाल्यांनी तरी काय केलं होतं? धूळघाटाजवळ रूळ गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेला. वाट लांबली, पण चढ सोसवला. ती मीटरगेज 2017 मध्ये बंद झाली.

2518 घेतली आणि क्राऊन-पिनियनचा जोड बदलून सहा-एकेचाळीसचा बसवला. भागीदार आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही, कारण लिटरमागं अर्धा किलोमीटर गेला होता.

खरी गंमत चढताना नव्हे, परतीला कळली. धारणीहून सोयाबीन भरून येत होतो. पूर्वी घटांगवरून खाली परतवाड्याकडं येताना ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरून हलायचा नाही आणि लायनरचा वास नाकात बसायचा. आता दुसऱ्या गिअरात एक्झॉस्ट ब्रेक लावला की इंजिनच गाडी धरून ठेवत होतं. खाली आल्यावर ड्रायव्हरनं हाताची पाठ मागच्या ड्रमजवळ नेली, मग हळूच टेकवली.

"कोमट हाये," तो म्हणाला.

तिथून पुढं अंजनगावच्या सरळ रस्त्यावर मात्र केळीच्या पिकअपसुद्धा हॉर्न मारत आम्हाला मागं टाकत गेल्या.