वाड्यातलं टेबल

'अँटिक' हा शब्द आपल्या वस्तीत कुणी वापरत नाही. आपल्याकडं जुनी वस्तू म्हणजे मोडकी वस्तू, आणि मोडकं लाकूड म्हणजे चुलीत. एक खुर्ची शंभर वर्षं सांभाळायची तर आधी शंभर वर्षं टिकणारं घर लागतं. म्हणून मित्रांनो, जुन्या लाकडी टेबल-कपाटांवर मी लिहायला बसलोय हे बघून काहीजण हसतील. म्हातारा पांढरपेशा झाला म्हणतील. म्हणू द्यात.

प्रश्न आत्ताच का निघाला ते सांगतो. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं, एक मोरी, एक कॉट. पुस्तकं कॉटखाली ट्रंकेत, नाहीतर माळ्यावर पोत्यात. परिषदेला जायचं झालं की आख्खं घर उपसायचं तेव्हा एक पुस्तिका हाताला लागायची. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना तिथल्याच टॉवरमध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात आम्हीपण. मग सगळे धावले शोरूमकडं. सोफा आला, टीव्हीचं युनिट आलं, काचेचं शोकेस आलं. टेबल? "टेबल कशाला? पोरं बेडवरच अभ्यास करतात." हे मी चार घरांत ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

कुणाची पोरं आपण? साताऱ्याच्या शाळेत ज्याला बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, आणि संध्याकाळी ते परत आणावं लागायचं, कारण शाळेचा झाडूवालासुद्धा त्या गोणपाटाला हात लावीत नव्हता, त्याची. परळच्या एका खोलीत उशाशी जातं, पायाशी शेळी, आणि बाप रात्री दोनला उठवतोय, असा त्यानं अभ्यास केला. आणि त्याच माणसानं पुढं पुस्तकं नीट राहावीत म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. आपण मात्र पाचशे फुटांत टीव्हीला भिंत दिली आणि पुस्तकांना बेडखालचा बॉक्स.

तर टेबल घ्यायचं ठरलं. आता जुनंच का? साधा हिशेब आहे. शोरूमचं कपाट भुशाच्या पाट्याचं. वर कागद चिकटवलेला, दिसायला साग. साडीचोळी ठेवा, चालेल. पुस्तकं ठेवा, दोन पावसाळ्यांत फळी पोटाशी आलेल्या गायीसारखी खाली येते. स्क्रू एकदा सुटला की त्या भोकात परत बसत नाही. जुन्या सागाची फळी उपसून रंधा मारा, परत लावा, नातू वापरील. आणि गिरण्या बंद पडल्या, जुन्या पेढ्या, ऑफिसं मोडली, तेव्हा त्यांची टेबलं बाजारात आली. नक्षी नसलेलं असं कारकुनी टेबल शोरूमच्या टेबलापेक्षा स्वस्तात मिळतं. अट एकच, दुकानदारासमोर 'अँटिक' म्हणायचं नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. चोरबाजारात नवी वस्तू पाच मिनिटांत शंभर वर्षांची होते.

आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, हे सामान येतं कुठनं? वाड्यांतनं. पेशवाई घरात आणताय?"

प्रश्न बरोबर आहे. बरंचसं सामान वाड्यांतनंच येतं. कुळकायदा आला, १९४८ च्या जाळपोळीत वाडे जळाले, वाडेवाले पुण्यामुंबईला गेले, उरलेले वाडे बिल्डरनं पाडले. तुळया, दारं, कडीपाट, डेस्कं, सगळं ट्रकमधनं व्यापाऱ्याकडं. पण त्या पोराला मी माझ्या आज्ज्याचं सांगितलं. आज्जा वतनदार महार. वतनदार म्हणजे काय, तर कुणीही हाक मारावी आणि ह्यानं पळावं. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा ह्यानं, मेलेलं ढोर ओढायचं ह्यानं, आणि वाड्यामागच्या परसात लाकडं फोडायची तीही ह्यानंच. ओसरीवर कुलकर्ण्याचं उतरत्या झाकणाचं शिसवी डेस्क. त्यात गावाचं दप्तर, म्हणजे आज्ज्याच्या जमिनीचा कागदही त्यातच. आज्जा ते डेस्क लांबून बघायचा.

आता गंमत बघा. लाकूड जंगलात असतं तोवर त्याला विटाळ नाही. महारानं तोडलं, ओढलं, खांद्यावर आणलं, तरी नाही. सुतारानं रंधा फिरवला, पॉलिश चढलं, त्यावर कागद ठेवला, की विटाळ सुरू. म्हणजे विटाळ लाकडाला नव्हताच, लिहिण्याला होता. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, आमचं १९५८ च्या. डेस्क तेवढं राहिलं, आणि ते आता कुणीही पैसे देऊन उचलू शकतो. मग उचलू नये का? भुशाच्या पाट्यावर बसून आपण क्रांतिकारक आणि सागावर बसलो की पेशवे, असलं काही मला पटत नाही.

(आणि साग तरी कुठला म्हणा! निम्मा ब्रह्मदेशातला. १८८५ साली इंग्रजांनी तिथं लढाई केली तिचं निमित्त मुंबईच्या एका कंपनीनं तोडलेल्या सागाच्या दंडाचं. राजा थिबा रत्नागिरीत कैदेत आला आणि १९१६ साली तिथंच मेला. टेबलाच्या एका पायाखाली एवढा इतिहास असतो.)

मात्र उलट्या बाजूचीही भीती आहे. आपल्यातले काही साहेब झालेत. त्यांना पाहिजे वाघाच्या पंजाचे पाय, सिंहासनासारखी खुर्ची, म्हणजे आलेल्यानं दबलं पाहिजे. हा वाडा मनात बांधला तर मग वाडा पाडून उपयोग काय? नक्षीत धूळ बसते, ती बायको पुसते. हल्ली व्यापारी जुने देव्हारेसुद्धा 'बुकशेल्फ' म्हणून विकतात. मला एकानं दाखवला. आपण १९५६ पासून बावीस प्रतिज्ञांवर आहोत हा एक मुद्दा, आणि खण फार उथळ होते हा दुसरा.

बघायचं कसं? मी झोळीत बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा एक खंड घेऊन जातो. शासनानं १९७९ पासून काढलेले ते जाडजूड खंड. फळीवर तो उभा राहिला पाहिजे आणि मागं बोटभर हवा राहिली पाहिजे. व्यापारी म्हणाला, "चाचा, ये कपाट है, लायब्ररी नहीं." म्हटलं, "वोही तो बनाना है." फळी इंचभर जाडीची असेल तर दोन आधारांत तीन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. पुस्तकांचं वजन माणसाला वाटतं त्यापेक्षा फार असतं.

पुढून बघू नका. पुढून सगळेच सभ्य. खण पूर्ण बाहेर ओढा, उलटा करा. हातानं केलेल्या कामात कोपऱ्याचे दाते सारखे नसतात, एखादा रुंद, एखादा अरुंद. तळ नव्या प्लायचा निघाला तर भाव पाडा. बारीक भोकं असतील तर टिचकी मारा. पिवळी ताजी भुकटी पडली म्हणजे किडा आत जिवंत आहे, ते सामान घरात आणलं की बाकीचंही गेलं. भोकं जुनी, काळपट, कोरडी असतील तर चालेल. पाठीमागं मातीची नळी दिसली की वाळवी, नमस्कार करून निघा. जाड, चकचकीत पॉलिशला भुलू नका, त्याच्याखाली काय काय दडवतात ते व्यवस्थेला विचारा. टेबलाशी खरोखर बसून बघा, गुडघे आत जातात का. उंची तीस इंचांच्या आसपास हवी.

आणि लिफ्ट मोजा! आमचं कपाट लिफ्टमध्ये गेलं नाही. पण जुन्या सुतारानं ते खुंट्यांवर बसवलेलं होतं, खिळा एकही नाही. खुंट्या ठोकून चार तुकडे केले आणि वर जाऊन परत जोडलं. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलंय, पावसाळ्यात भिंत घाम सोडते. टेबल खिडकीखाली. खुर्ची बंद पडलेल्या इराण्याची, वाकवलेल्या लाकडाची. इराण्यानं मला तरी कधी जात विचारली नाही, फक्त चहावर किती वेळ बसणार ते विचारलं.

टेबलाच्या उजव्या खणात शाईचे जुने डाग आहेत. सुतार म्हणाला घासून काढतो. नको म्हटलं. त्या खणात सध्या नातीची बारावीची पुस्तकं आहेत आणि तिनं खणाला कुलूप मागितलंय.

आमच्या मजल्यावरच्या तिघांना आता कपाटं बघायचीत. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तो दिवस सोडून कधीही निघू. येणाऱ्यानं टेप आणावी आणि घरातलं सगळ्यात जाड पुस्तक आणावं.