शेरूची सुई

आमच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या दोन बाटल्या असतात. एक माझ्या सासूबाईंची, ज्यांना घरात सगळेच अम्मी म्हणतात, आणि दुसरी शेरूची. शेरू हा आमचा बोका. वय दहाच्या आसपास, रंग पिवळा, स्वभाव जमीनदाराचा. हे सांगितले की ऐकणारा आधी हसतो. मांजराला शुगर? होते. माणसाला होते तशीच होते, आणि उतारवयातल्या, वजन वाढलेल्या बोक्यांना जास्त होते. आपल्याकडे त्याला नाव मिळत नाही, एवढेच. मांजर वाळत जाते, एक दिवस दिसेनासे होते आणि आपण म्हणतो, म्हातारे झाले होते.

शेरूचा आजार आधी अम्मींच्या लक्षात आला, तो वजूच्या पाण्यामुळे. अम्मी अंगणात वजूला बसल्या की शेरू लोट्याशी येतो. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी तिरके धरले आणि मांजर नापाक नसते, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे कळवले, ती हदीस अम्मींना त्यांच्या वालिदांनी लहानपणी सांगितलेली. म्हणून त्या लोटा तिरका करतात. पूर्वी तो दोन जिभा मारून निघून जायचा. गेल्या पावसाळ्यात तो लोटा संपवायला लागला. मग मोरीतल्या बादलीत तोंड घालायला लागला. भरपूर खायचा, तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. आणि चालताना मागचे पाय टाचेपर्यंत टेकवायचा, जसा काही गुडघ्यांतून बसलाच आहे. मज्जातंतूंवर साखरेचा परिणाम झाला की मांजरे अशी चालतात, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितले.

मग दोनच दिवसांत सगळे बदलले. खाणे बंद, उलट्या सुरू, तोंडाला गोडसर, सडलेल्या फळासारखा वास. गावातल्या पशुवैद्यांचा दिवस गायी, म्हशी आणि शेळ्यांत जातो, पण त्यांनी वास घेतला आणि लगेच म्हणाले, "मॅडम, आजच्या आज नगरला न्या." अहिल्यानगर आमच्यापासून साठेक किलोमीटर. न्यू आष्टीहून नगरला रेल्वे 2022 साली सुरू झाली खरी, पण तिच्या वेळेची वाट बघण्यासारखी परिस्थिती नव्हती. शेजाऱ्यांच्या गाडीतून, आंब्याच्या पेटीत चादर घालून त्याला नेले.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. साखर 480 आणि लघवीत कीटोन. मला त्यांनी जे समजावले ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनाही समजावले, कारण अर्ध्या वर्गाच्या घरी शुगरचा पेशंट आहे. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरलेली असूनही पेशी उपाशीच राहतात. मग शरीर चरबी जाळायला लागते. त्यातून कीटोन तयार होतात, ते साठले की रक्त आम्लधर्मी होते, शरीरातले पाणी कमी होते, पोटॅशियम घसरते. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. माणसात असो वा मांजरात, हा जीव घेतो. उपाय म्हणजे सलाईन, थोडे थोडे इन्सुलिन, पोटॅशियम आणि दर काही तासांनी तपासणी.

शेरू तीन दिवस तिथे राहिला. साडेसात हजार रुपये झाले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि माझ्या पतींना समोर बसवले आणि सरळ विचारले: घरी दिवसाला दोन सुया, बारा तासांच्या अंतराने, बहुधा आयुष्यभर. जमेल का? जमणार नसेल तर त्याला वेदना न होऊ देता कायमचे झोपवता येईल. नुसते घरी नेऊन सोडून देणे हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग. त्यांचे हे बोलणे मला आवडले. त्यांनी आमच्यावर दडपण आणले नाही आणि खोटी आशाही दाखवली नाही.

माझे पती गप्प होते. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला माहीत होते, कारण माझ्याही मनात तेच होते. घरात अम्मींची औषधे, मुलगा दहावीला. शाळेतल्या एका सहकाऱ्याने नंतर तोंडावर विचारलेच, "बाजी, एवढ्या पैशांत एखाद्या मुलाची वर्षाची पुस्तके झाली नसती?" प्रश्न वाईट हेतूने विचारला नव्हता. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, वर्गातली बाके रिकामी होतात. त्या बाकांकडे बघत मांजराच्या सुईचा हिशेब करणे सोपे नाही. मी त्यांना सांगितले की ते पैसे पुस्तकांच्या वाट्याचे नव्हते, आमच्या ईदच्या कपड्यांच्या वाट्याचे होते. ते खरे होते. पण तेवढ्याने प्रश्न मिटतो असे मला वाटत नाही, आणि ज्याला हे झेपत नाही त्याला मी दोषही देणार नाही.

माझा निर्णय मात्र दुसऱ्याच गोष्टीवर झाला. मांजर कोंडून ठेवणाऱ्या आणि त्याला उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. तिने त्याला खायलाही दिले नाही आणि जमिनीवरचे किडूकमिडूक शोधून खायला मोकळेही सोडले नाही. या हदीसमध्ये दोन वाटा आहेत: सांभाळा किंवा सोडा. शेरूला सोडण्याची वाट बंद झाली होती. तो भिंत चढू शकत नव्हता, उंदीर धरू शकत नव्हता. दहा वर्षे आपल्या दारात ठेवून त्याला आपण घरचा केला, आता तो बाहेरचा कसा होणार? मी घरी हेच म्हटले. अम्मी म्हणाल्या, "जानवर है, कितना करोगे?" पण "नको" म्हणाल्या नाहीत.

आता थोडे कामाचे सांगते, कारण माणसांच्या घरीही ते उपयोगी आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या एका मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. अम्मींची तशीच आहे. शेरूला डॉक्टरांनी ग्लार्जिन दिले, ते एका मिलिलिटरला 100 युनिटचे, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. शेरूच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने एका खुणेइतके औषध ओढले तर एक युनिट नाही, अडीच युनिट जाते. चार किलोच्या जीवाला ते भारी पडू शकते. म्हणून मुलीने अम्मींच्या डब्याला हिरवा आणि शेरूच्या डब्याला पिवळा कागद चिकटवला, आणि दोन्ही डबे फ्रिजच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या छोट्या सिरिंज आष्टीत मिळाल्या नाहीत. नगरहून शंभरच्या डब्याने आणतो.

सुई मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून देतात. शेरूला ती कळतही नाही, कारण त्याचे तोंड ताटलीत असते. आधी खाणे, मग सुई, हा नियम. खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन, आपल्या मनाने पूर्ण मात्रा नाही आणि आपल्या मनाने सुई बंदही नाही. रक्त कानाच्या कडेवरून घ्यायचे. हिवाळ्यात कान आधी हाताने गरम करावा लागतो. मांजर मुळात मांसाहारी, त्याला पीठ-भाताची गरज नसते. दूध-पोळी कायमची बंद झाली. कोरड्या दाण्यांऐवजी ओले पाकीटबंद खाणे आणि त्यावर थोडी उकडलेली कोंबडी, मीठ-मसाल्याविना.

फ्रिज हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज जाते. अशा वेळी बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूवरच्या माठात ठेवतो. गोठू मात्र द्यायचे नाही. बर्फाला चिकटून राहिलेले इन्सुलिन वाया जाते.

अम्मींना सुई लागली तेव्हा त्यांची पहिली शंका औषध कशापासून बनते ही होती. शंका निराधार नव्हती. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, तेव्हापासून साठ वर्षे ते गायी आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. 1982 पासून मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करून घेतले जाऊ लागले, आणि आता बहुतेक बाटल्या जिवाणू किंवा यीस्टच्या मदतीने बनलेल्या असतात. अम्मींच्या बाटलीची माहिती मी कागद वाचून त्यांना दिली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. गंमत अशी की मांजराचे इन्सुलिन गायीच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे आहे. हे ऐकून अम्मी शेरूला काही दिवस "गाय" म्हणत होत्या.

रमजानमध्ये अडचण येईल असे वाटले होते. इफ्तारची वेळ सूर्याप्रमाणे सरकते, सुईची घड्याळाप्रमाणे ठरलेली: सकाळी सहा, संध्याकाळी सहा. सकाळी फजरनंतर कुराण वाचायला बसण्याआधी त्याचे काम होई. संध्याकाळी मात्र भजी तळायच्या ऐन वेळी, रोजा असताना त्याच्यासाठी कोंबडी कुस्करायची. मुलाने ते काम स्वतःकडे घेतले. म्हणाला, "वास घेतल्याने रोजा तुटत नाही ना?"

सर्वांत कठीण दिवस जानेवारीत आला. सकाळी शेरूने पोटभर खाल्ले, सुई झाली आणि मी शाळेत गेल्यावर त्याने सगळे ओकून टाकले. अकराच्या सुमारास तो लडखडायला लागला, मग आडवा झाला, पाय थरथरत होते. घरात अम्मी एकट्याच होत्या. त्यांना तपासणीचे यंत्र चालवता येत नाही. पण साखर उतरली की कसे होते ते त्यांच्या अंगाने सोसलेले आहे. त्यांनी मधाची बाटली काढली आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळत राहिल्या, घशात ओतला नाही, कारण बेशुद्ध जीवाच्या घशात ओतले तर ते फुप्फुसात जाते. हे त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे. मग त्यांनी मला फोन केला: "इसकी शुगर गिर गई. आते क्या?"

मी पोहोचले तेव्हा पाऊण तास झाला होता. तो डोके उचलून बसला होता, मिशा चिकट. साखर 58 भरली. थोडे खायला घातले, डॉक्टरांना फोन केला; त्यांनी तासातासाने तपासायला सांगितले आणि मात्रा एक युनिटवरून खाली आणली. मला त्या दिवशी मराठी शब्दाची गंमत वाटली. उर्दूच्या तासाला मी "जियाबेतुस" शिकवते, घरी सगळे "शुगर" म्हणतात, मराठीत "मधुमेह". मध नावातच बसलेला, आणि त्या दिवशी तो मधानेच वाचला.

आता मी शाळेतून आले की अम्मी आधी शेरूचा आकडा विचारतात. मग मी त्यांचा विचारते. पूर्वी त्या "ठीक है" म्हणून टाळायच्या. आता वहीत दोन रकाने आहेत, पण अम्मींच्या रकान्यात शुक्रवारी हमखास काही लिहिलेले नसते. शुक्रवारी घरात शीरखुर्मा असतो.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे काही मांजरांची सुई, साखर लवकर ताब्यात आली तर, पुढे सुटतेही. शेरूचे वजन अर्धा किलोने वाढले आहे. मागचे पाय अजून पूर्ण सरळ नाहीत, पण परवा तो पाण्याच्या टाकीवर चढला. मात्रा सध्या सकाळ-संध्याकाळ अर्धा युनिट आहे. पुढची तपासणी बकरी ईदनंतर, नगरला.