संसारी होडी, पळणारी होडी

आमच्या राणीसावरगावला पाणी म्हटलं की विहीर, बोअर, टँकर; आणि फारच लांब जायचं तर गंगाखेडची गोदावरी, जिला आम्ही गंगाच म्हणतो. समुद्र पाहायचा तर एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. अशा गावच्या माणसाने शिडाच्या होड्यांवर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं. पण त्याला कारण आमची भाची. बारावीनंतर तिला नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांचा आराखडा करायला शिकायचंय. घरात दोन महिने तोच विषय. ताई म्हणते, "कॉम्प्युटर घे." दाजी काहीच म्हणत नाहीत, ते जास्त अवघड.

परवा तिने मला विचारलं, "मामा, जी होडी शर्यत जिंकेल तीच होडी घरच्यांना घेऊन महिनाभर फिरेल, असं का नसतं?" तेव्हापासून मीच वाचत बसलोय.

आपल्याकडे याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. शंकरपटाचा छकडा आणि जत्रेला जायची बैलगाडी. छकड्याला दोन चाकं, चार काठ्या, आणि वर जीव मुठीत धरून बसलेला एक गडी. त्यात आजीला बसवून दाखवा! आणि जत्रेची गाडी पटात उतरवली तर बैलच रुसतील.

पाण्यात आणखी एक भानगड आहे. होडी चालताना स्वतःच लाट उठवते आणि वेग वाढला की त्याच लाटेच्या चढावर अडकते. त्याचा एक ठोकताळा आहे: पाण्याला टेकलेल्या लांबीचं, फुटांत, वर्गमूळ काढायचं आणि १.३४ने गुणायचं. २५ फुटांच्या होडीला ६.७ नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास. ३६ फुटांना आठ नॉट. वजनदार होडी यापलीकडे फारशी जात नाही. हलकी, सपाट तळाची होडी मात्र जोराच्या वाऱ्यात लाटेवर चढून घसरत सुटते. शर्यतवाले म्हणून एकेक किलो मोजतात.

आता संसार भरा. चार माणसं, दहा दिवस, माणशी रोज तीन लिटर नुसतं प्यायला, म्हणजे १२० किलो पाणी. वर धान्य, गॅस, अंथरुणं, पोरांची खेळणी. पाण्याचं वजन मराठवाड्याला कुणी शिकवायला नको, डोक्यावर वाहिलंय. लाटेवर चढायचं बळ तिथेच संपतं. शिवाय शर्यतीच्या होडीचा शिशाचा कणा खोल असतो, त्यामुळे ती जास्त शीड पेलते. पण उथळ खाडीत शिरायचं तर तोच कणा रुतून बसतो.

मग आराखडा करणारा काय करतो? तडजोड. पाण्यातली लांबी वाढवतो. टाक्या आणि जड सामान मधोमध, जमिनीलगत ठेवतो, म्हणजे टोकं हलकी राहतात आणि होडी लाटेत कमी आपटते. शीड एवढंच ठेवतो की रात्री, पावसात, दोघांना उतरवता येईल. थोडा वेग जातो, पण झोप मिळते.

या तडजोडीची सगळ्यात मोठी परीक्षा १९६८-६९ला झाली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊजण निघाले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी, ३२ फुटांची, जड. सरासरी चार नॉट! पण ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला परत आली ती तीच एकटी. नायजेल टेटली यांची 'व्हिक्ट्रेस' ही तीन तळांची होडी म्हणजे त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं घर. मागून प्रतिस्पर्धी येतोय असं वाटून त्यांनी ती नेटाने दामटली आणि मे १९६९मध्ये, मुक्काम जवळ आला असताना, ती फुटून बुडाली. ते वाचले. तो प्रतिस्पर्धी, डोनाल्ड क्रोहर्स्ट, मात्र आपली ठिकाणं खोटीच कळवत होता.

टेटलींचं वाचून मी बराच वेळ गप्प होतो. घराला शर्यतीला जुंपलं की असं होतं.

आता आपलं उदाहरण. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने नौदलासाठी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाटचा. २००९-१०मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे जग फिरून आले. २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी न थांबता. तीच म्हादेई केप टाउन ते रिओच्या शर्यतीतही उतरली. त्याच यार्डातली 'तारिणी' २०१७-१८मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना आणि २०२४-२५मध्ये दिलना आणि रूपा या दोघींना जगाभोवती घेऊन गेली. आणि टॉमी २०२३मध्ये गोल्डन ग्लोबमध्ये दुसरे आले ते ज्या रस्लर ३६मधून, तो आराखडा मुळात लोकांनी सहलीला न्यायचा.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर असं की लांबच्या पल्ल्याला दोन्ही होड्या हळूहळू एकमेकींसारख्या होत जातात. तासाभराच्या शर्यतीला छकडाच लागतो. वर्षभराच्या शर्यतीला घर लागतं, पण वाऱ्याला साथ देणारं.

ताई, दाजी, हे तुमच्यासाठी. खरगपूरच्या आयआयटीत हा विषय शिकवतात, तो काही छंद नाही. आणि वजन कुठे ठेवायचं, किती पाणी घ्यायचं, किती शीड पेलेल, हा हिशेब टँकरच्या गावातल्या पोरीला जड जाईल असं मला वाटत नाही. नोकरी किती मिळेल, किती लांब जाईल, ही तुमची काळजी खरी आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिला गोव्याला नेतोय. यार्डात सोडतील न सोडतील, फेरीबोटीतून दिवाडी तरी बघू. दाजी, तुम्हीपण चला. तिकिटं मी काढतो.