आबांची दुनळी

मागच्या शनिवारी पहाटे उठून गुहागरला गेलो. एरवी वीकेंडला मी दहाच्या आत डोळे उघडत नाही, पण आबांचा फोन आला होता. "दसऱ्याआधी ये. बंदुकीचं काय ते ठरवू."

बंदूक म्हणजे आमची बारा बोरची दुनळी. पणजोबांनी कुणाकडून तरी जुनीच विकत घेतलेली. शेतीसंरक्षणाचा परवाना, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, दसऱ्याला झेंडूची फुलं. आबा आता ८४ वर्षांचे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला की हयातीतच परवान्यासाठी वारसाला अर्ज करता येतो. बाबांनी साफ हात वर केले. मग आबांची नजर माझ्यावर. आणि त्यांची एकच इच्छा, नातवाने रेंजवर जाऊन का होईना, एक बार काढावा.

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? लहानपणापासून ती भिंतीवर बघतोय. नळ्यांवर सापाच्या कातडीसारखी नक्षी. आबा म्हणायचे, "तलवारीसारखं पाणी आहे तिला." त्या 'पाण्या'ला डमास्कस म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, सळईभोवती गुंडाळायच्या आणि तापवून ठोकून जोडायच्या. म्हणजे नळी अखंड नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडच जोड! चार वर्षं मेकॅनिकल केलं आणि आता जावा लिहितो, पण हे वाचल्यावर झोप उडाली.

म्हणून जूनमध्येच आम्ही ती पुण्याला एका जुन्या कारागीर काकांकडे नेली होती. आबा परवाना खिशात घालून माझ्या शेजारी, कारण परवानाधारक सोबत नसेल आणि त्याची लेखी परवानगीही नसेल, तर मी ती नुसती हातात घेऊन फिरणंसुद्धा गुन्हा.

काकांनी आधी नळ्या सुट्या केल्या, हुकाला टांगल्या आणि लाकडाने टकटक केलं. देवळातल्या घंटेसारखा आवाज यायला हवा, म्हणाले. एकदा तसा आला, दुसऱ्यांदा भद्द. दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटली होती. मग त्यांनी नळ्यांच्या पोटाशी भिंग धरलं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के, आणि बारीक अक्षरात 'नॉट फॉर बॉल'. हे तीन शब्द तिथे चोक असलेल्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ या काळात मारत. म्हणजे बंदुकीचा जन्म सापडला! मला इतका आनंद झाला की काका पुढे काय म्हणतात तिकडे लक्षच नव्हतं. ते म्हणत होते, ही काळ्या दारूवर तपासलेली आहे. धूर न करणाऱ्या नायट्रो दारूच्या चाचणीचा शिक्का तिथे १८९६ पासून सुरू झाला, आणि तो हिच्यावर नाही.

आणि आबांच्या डब्यातली काडतुसं? सगळी आजची, नायट्रोची. त्यावर ७० मिमी छापलेलं, आणि हिचं घर ६५ मिमीचं. गंमत म्हणजे ते आत बसतं. अगदी आरामात बसतं! कारण छापलेली लांबी उडाल्यानंतरची असते. बार होताना दुमडलेलं तोंड उघडतं, ते अरुंद भागात अडकतं, दाब आणखी चढतो. "बसतंय म्हणजे चालतंय" यावर विश्वास ठेवणाऱ्यांना मी ऑफिसात रोज शिव्या घालतो.

घरी येऊन कागद घेतला. युरोपच्या सीआयपी प्रमाणात साध्या बारा बोर काडतुसाचा कमाल दाब ७४० बार, म्हणजे ७४ मेगापास्कल. घराचा व्यास २०.६ मिमी, भिंत तिथे ४ मिमी. पातळ सिलिंडरचं सूत्र, दाब गुणिले व्यास भागिले दोनदा जाडी. उत्तर १९० मेगापास्कल. आणि जुनं घडीव लोखंड साधारण दोनशेच्या आसपास कायमचं ताणलं जातं. सूत्र ढोबळ आहे, मान्य, आणि पोलादाचा वाटा जमेस धरला तर थोडी सूट मिळते. पण जोडांमध्ये शंभरेक वर्षांचा कोकणातला पावसाळा मुरलाय. जुन्या केपांमधला क्षार नळीत राहतो, हवेतलं पाणी ओढतो आणि आतून खड्डे पाडतो. पुढे जिथे डावा हात धरतो, तिथे काकांच्या गेजने एका खड्ड्यापाशी अर्धा मिलिमीटर दाखवलं.

अर्धा मिलिमीटर...

एका मित्राने सुचवलं, टायरला बांध, लांबून दोरी ओढ, फुटली नाही तर झालं. पण एक बार सुखरूप गेला यातून तो एक बार गेला एवढंच कळतं. कदाचित त्याच बाराने चीर वाढवलेली असते, पुढच्यासाठी.

तर हे सगळं शनिवारी पडवीत बसून आबांना सांगितलं. कागदही दाखवला (चूकच झाली). आबा भडकले.

"चाळीस वर्षं उडवलीय मी. काय झालं नाय तिला. चार बुकं वाचून मला शिकवतोस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला जीभ उचलेना. नशीब होतं आबा, एवढंच. ज्या माणसाने भातात डुकरं शिरली की मध्यरात्री एकट्याने मळ्यात जाऊन हवेत बार काढले आणि आमची शेती राखली, त्याला हे कसं सांगायचं?

एकट्याने नाही म्हणा. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते, बॅटरी धरायला तेच जायचे. ते इतका वेळ खांबाला टेकून गप्प उभे होते.

आबांनी कागद पुन्हा उचलला, चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग मान वर न करता विचारलं, "नळी फुटली तर कुठल्या बाजूला फुटते रे?"

"खड्डा जिथे असेल तिथे. हा डाव्या नळीत आहे. डाव्या अंगाला."

"तू कुठे उभा राहायचास?" हे बाबांना.

बाबा म्हणाले, "डावीकडेच. तुम्हीच सांगायचात, उजवीकडे कोपर लागतो म्हणून."

आत आई भांडी घासत होती, तेवढाच आवाज. आबा उठले, कपाटातून काडतुसांचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"उद्या चिपळूणला गाडी काढ. मी येतो. हा डबा दुकानात जमा करून टाकू."

"आणि बंदूक?"

"ती राहूदे भिंतीवर. दसऱ्याला फुलं लागतात तिला."