कुळथाच्या मुळाशी

सुर्ल्याची माती लाल आहे यात नवल नाही. डिचोली तालुक्यात लाल नसलेली माती शोधावी लागते. पावसात ती ओहोळांतून वाहते, उन्हाळ्यात वाऱ्यावर उडते, आणि बारा महिने अंगणावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, फणसाच्या पानांवर बसून राहते. हा रंग लोखंडाचा. त्याच लोखंडासाठी इथले डोंगर खणले गेले, ट्रकांच्या रांगा लागल्या, बार्जी भरभरून मांडवीतून समुद्राकडे गेल्या. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मागे उरले पाण्याने भरलेले खोल खड्डे आणि टाकाऊ मातीचे ढीग. त्या ढिगांवरून वाहून आलेल्या गाळाखाली किती शेतं गेली, हे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारावं. लोखंड मोजायचं ते टनांतच, अशी जगाची समजूत आहे. पण याच मातीत लोखंडाचा आणखी एक व्यवहार चालतो, फार बारीक, आणि त्याची सुरुवात साखरेच्या एका कणाने होते.

भात कापून झालं की शेतात ओल उरते. त्या उरल्या ओलीवर कुळीथ पेरतात, अळसांदे पेरतात. कुळीथ हे मानी पीक. खत मागत नाही, पाटाचं पाणी मागत नाही. थंडीतल्या दवावर आणि जमिनीच्या पोटातल्या ओलाव्यावर जगतं. सकाळी मळ्यावर धुकं असताना त्याची तीन-तीन पानं भिजलेली असतात. असं एखादं रोप हलक्या हाताने, मुळांभोवतीच्या ढेकळासकट उपटावं आणि पाण्यात धरावं. माती सुटते आणि बारीक मुळांवर गाठी दिसतात. त्यातली एखादी नखाने चिरली तर आत गुलाबी, जवळजवळ तांबडी.

तो तांबडेपणा लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे भावंड. त्याच्याही मध्यभागी लोखंडाचा एक अणू. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला देतात, पण ज्या यंत्रणेने ते हे करतात ती मोकळ्या प्राणवायूने नासते. म्हणून लेगहिमोग्लोबिन प्राणवायूला धरून ठेवतं आणि मोजून मापून सोडतं. नायट्रोजन पकडणाऱ्या त्या विकरातही पुन्हा लोखंडच. ज्या धातूसाठी डोंगर गेले, त्याचे हे कण कुळथाने जागच्या जागी, कुणाला न कळता कामाला लावले आहेत. डोकं आपोआप खाली झुकावं असं हे ठिकाण आहे.

पण जिवाणू मुळात शिरला कसा? मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातले पुष्कळ रोपाचे वैरी. मूळ कुणाला आत घेणार आणि कुणाला नाही, हे ठरतं स्पर्शाने. मूळ आधी मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. रायझोबियम कुळातला जिवाणू ती जाणतो आणि उत्तरादाखल एक रेणू धाडतो, त्याला नॉड घटक म्हणतात. खेकड्याच्या कवचात असते त्याच जातीच्या शर्करेचे चार-पाच मणी, एका टोकाला चरबीची शेपटी, आणि मण्यांवर कुठे गंधकाचा, कुठे अ‍ॅसिटिलचा, कुठे फ्यूकोजचा छोटासा अलंकार. साखर तीच, सगळं काही ठरतं ते तिच्यात केलेल्या या बदलांवर. १९९० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी लसूणघासाच्या जिवाणूचा नॉड घटक ओळखला. त्यावरचा सल्फेटचा एक गट काढून घेतला, तर लसूणघासाचं मूळ त्याला ओळख देत नाही. आणि हा निरोप लागतो तरी किती? एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, किंबहुना त्याहूनही कमी. तेवढ्यावर मुळावरचा केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत वाट करून देतो.

मुळाच्या बाजूने हा स्पर्श ओळखतात ती प्रथिनं. कॅलिफोर्नियात मेरिलिन एट्झलर यांनी आयुष्यभर ज्या रोपाचा अभ्यास केला ते आपलं कुळीथच. कुळथाच्या मुळात नॉड घटकाला धरणारं एक लेक्टिन त्यांच्या गटाला सापडलं आणि १९९९ साली त्यांनी ते जाहीर केलं. त्या प्रथिनाला प्रतिपिंडांनी झाकलं, तेव्हा मुळावर गाठी धरण्याचं कामच अडलं. पुढे इतर शेंगवर्गीय रोपांत नॉड घटक ओळखणारी आणखीही प्रथिनं मिळाली. मला मात्र ते कुळथाचं प्रथिन जवळचं वाटतं. आपल्या पिठीतल्या दाण्याचं मूळ साता समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत कुणीतरी भक्तिभावानेच पाहत होतं, याचा तो पुरावा.

लेक्टिन म्हणजे शर्करेला धरणारं, पण तिचं काहीही न करणारं प्रथिन. विकर साखर तोडतं, जोडतं, बदलतं. लेक्टिन नुसतं धरतं आणि सोडतं. देवळाच्या उंबऱ्याला हात लावून, तो कपाळाला टेकवून माणूस परततो, तेवढंच. एकेक स्पर्श अगदी दुबळा असतो. आजूबाजूचं पाणी तो सतत सोडवू पाहतं. म्हणून लेक्टिनला बहुधा दोन-चार हात असतात, आणि अनेक दुबळे स्पर्श मिळून पकड घट्ट होते.

हे कळायला पीएचडीच्या विद्यार्थ्यांची वर्षंच्या वर्षं जातात. बिया दळायच्या, मिठाच्या पाण्यात भिजवायच्या, गाळायच्या, अमोनियम सल्फेटने साका बसवायचा. मग शर्करा जडवलेल्या स्तंभातून तो अर्क सोडायचा. गॅलॅक्टोज धरणाऱ्या लेक्टिनांसाठी आपल्याकडे गवारीच्या डिंकाचेही स्तंभ वापरले गेले. नको ती प्रथिनं वाहून जातात, हवं ते शर्करेला धरून राहतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. साखरेच्या रेणूवरचे हायड्रॉक्सिल गट एकेक करून बदलायचे: एका ठिकाणी फ्लोरीन, एका ठिकाणी मेथिल, कुठे गटच काढून टाकायचा. दर वेळी प्रथिनाची पकड किती सैल झाली ते पाहायचं. त्या स्पर्शातून निघणारी अतिसूक्ष्म ऊबसुद्धा मोजतात. बोट कुठे टेकलं होतं हे असं हळूहळू उमगतं. मला ही जपमाळच वाटते, मग प्रबंधाच्या भाषेत तिला काहीही म्हणोत.

फणसाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर तोच लेख खाऊन टाकील. आठळ्यांना, म्हणजे गोव्याच्या बिकणांना, लाल मातीचा लेप देऊन पावसाळ्यासाठी राखतात. त्या एकाच बीमध्ये दोन लेक्टिनं आहेत, दिसायला सख्ख्या बहिणी. जॅकलिनची साखळी तयार झाल्यावर एका जागी कापली जाते. त्या कापातून जे नवं टोक मोकळं होतं तेच गॅलॅक्टोजला ओळखतं. आर्टोकार्पिनची साखळी अखंड राहते आणि ती मॅनोजकडे वळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन, अवधेश सुरोलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली जॅकलिनची रचना उलगडली. शर्करेच्या तिसऱ्या कार्बनवर काही जोडलेलं जॅकलिनला चालतं. सहाव्यावर जोडलेलं खपत नाही. फणसाचं वर्णन गार्सिया द ऑर्ताने गोव्यात छापलेल्या ग्रंथात १५६३ सालीच केलं होतं, पण हे आत लपलेलं तारतम्य दिसायला आणखी चार शतकं जावी लागली.

आता पुन्हा कुळीथ, या वेळी मूळ नव्हे, दाणा. १९५१ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातल्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी दाखवून दिलं, की कुळथाचा अर्क माणसाच्या रक्तपेशींत निवड करतो. ए गटाच्या पेशींच्या तो गुठळ्या करतो. बी आणि ओ गटाच्या पेशींना सोडून देतो. तांबड्या पेशीच्या आत लोखंड असतं आणि बाहेर शर्करांची लव. ए आणि बी या गटांत फरक तो किती? त्या लवेच्या टोकावरच्या गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या कार्बनवर बी गटात हायड्रॉक्सिल असतो, तर ए गटात त्याच जागी अ‍ॅसिटिलअमिनो गट. एवढ्याशा बदलावर माणसाचं रक्त माणसाला चालत नाही, आणि तो बदल शेतातला दाणा ओळखतो.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, मुंबईचे डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट नोंदवला. आज जग त्याला बॉम्बे गट म्हणतं. या लोकांच्या पेशींवर फ्यूकोजचा एक कण जोडलेला नसतो. ए किंवा बी ची शर्करा ज्याच्या आधाराने बसायची तो पायाच नाही, म्हणून जनुक असूनही ती बसत नाही. अशा माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचा दाता लागतो. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो.

कुळथाच्या शिजवलेल्या पिठीत दाण्यातल्या लेक्टिनची ही ओळख उरत नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, आणि बरं होतं. कच्ची कडधान्यं पोटाला का सोसत नाहीत, त्याचं एक कारण ही लेक्टिनंच. रक्तपेढीत मात्र कच्च्या दाण्याचा अर्क लागतो. ए गटाच्या पेशींतही ए१ आणि ए२ असे पोटभेद आहेत: ए१ पेशीवर ती शर्करा दहा लाखांच्या आसपास ठिकाणी असते, ए२ वर जेमतेम अडीच लाख. अर्क नेमका पातळ केला की ए१ पेशींच्या गुठळ्या होतात, ए२ च्या होत नाहीत. ही चाचणी रक्तपेढ्यांत आजही चालते, आणि तिच्यासाठी वापरला जाणारा द्राव कुळथाच्या बियांपासूनच काढतात.