परभणीचा आभाळदगड

परभणीला हौसेने कोणी जात नाही. लग्नकार्य, बदली, नाही तर तुराबुल हक साहेबांचा उरूस, एवढीच कारणे. मी मात्र गेलो तो एका दगडापायी.

१९२८ साली, निजामाच्या अमदानीत, या जिल्ह्यात आकाशातून दगड पडला. अशनींच्या जागतिक यादीत त्याचे नाव 'नाओकी'. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला हा पाहुणा. त्याची जात 'एच ६'. 'एच' म्हणजे लोखंड भरपूर, आणि ६ म्हणजे इतका भाजून निघालेला, की आतले मूळचे गोल दाणे पुसट होऊन गेलेले. ही भाजणी झाली लघुग्रहाच्या पोटात, सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी. या जातीचे मूळ घराणे 'हीबी' नावाचा लघुग्रह, असे बरेच दिवस मानत. आता दुसऱ्या घराण्यांचीही चौकशी चालू आहे!

आमच्या मामांच्या देवघरात असाच एक काळा दगड आहे. आजोबांना शेतात सापडलेला, आणि तो 'वरून पडलेला' अशी घरची श्रद्धा. मी लोहचुंबक दोऱ्याला टांगून जवळ नेले, तसे ते हळूच कलले. मामांचा चेहरा उजळला.

मला गप्प बसवेना. परभणीची जमीनच मुळी लाव्हाची. इथला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि त्यातही चुंबकीय खनिज असते; नांगराला लागणारा साधा धोंडाही चुंबकाला थोडा ओढतो. शिवाय दगडाला बारीक भोके होती. लाव्हातले वायूचे बुडबुडे अशी भोके मागे ठेवतात. अशनीत ती सहसा नसतात. खात्री हवी, तर एक कोपरा घासून आत धातूचे चकाकते ठिपके दिसतात का, ते पाहायचे. कानस मी पिशवीतून काढलीसुद्धा.

"देवाला घासायचं?" मामी ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून आल्या.

मामा खूप वेळ काही बोलले नाहीत. मग मामींकडे पाहून म्हणाले, "तूच ठरव."

मामींनी दगड उचलला, पदराने पुसला, गंध लावले आणि जागच्या जागी ठेवला. मी कानस पिशवीत टाकली. जेवताना त्या विषयावर कोणी अक्षर काढले नाही. वांग्याची भाजी मात्र फर्मास झाली होती.

स्टेशनवर गाडी सुटता सुटता मामा खिडकीशी आले.

"भोकं असली म्हणजे नसतोच का रे?"

"सहसा," मी म्हणालो.